फूल कुठं पडलं

कुंदाबाई कापगतेंना प्रश्न पडतात. तसे ते सगळ्यांनाच पडतात, पण बाकीची माणसं ते पोटात ठेवतात आणि वर चहा पितात. कुंदाबाईंचं तसं नाही. एखादा प्रश्न पोटात राहिला तर त्यांना अन्न गोड लागत नाही. धाकट्या दिराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा सारे नातेवाईक देवाचं नाव घेत बाहेर बसले होते आणि या बाई डॉक्टरांना गाठून विचारत होत्या, की काढलेलं ते तुम्ही ठेवता कुठं? पुतण्याच्या वरातीत सगळे नाचत होते, तर यांनी घोडेवाल्याला बाजूला घेतलं. बँडच्या एवढ्या आवाजात घोडा उधळत कसा नाही, कानात काही घालता का? घालत होता म्हणे, कापूस. त्या वरातीत ही माहिती कुंदाबाईंखेरीज कोणालाच नव्हती, आणि खरं सांगायचं तर कोणाला हवीही नव्हती.

गोंदियाजवळ कुडव्याला रस्त्याला लागून त्यांची आटाचक्की आहे. तिला चिकटूनच नवऱ्याचं, उमरावभाऊंचं, फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. दळण घेऊन येणाऱ्याला थांबावं लागतं, आणि थांबलेला माणूस म्हणजे कुंदाबाईंना घरबसल्या मिळालेलं घबाड. गहू कुठला, लोकवन का शरबती, इथपासून सुरुवात होते आणि पीठ थंड होईपर्यंत त्या माणसाच्या मावशीचा घटस्फोट का अडला हेही बाहेर येतं. लोक चिडत नाहीत. विचारून घेण्यात कुंदाबाईंचा कधी डाव नसतो, हे कुडव्याला पुरतं ठाऊक आहे. त्यांना फक्त कळून घ्यायचं असतं.

उमरावभाऊ अगदी उलट. त्यांना आयुष्यात काही विचारताना कोणी ऐकलेलं नाही. गिऱ्हाइकानं पंप समोर ठेवला, तर काय बिघडलंय म्हणूनही विचारत नाहीत, सरळ खोलायला घेतात. मुलगी पाहायला आले तेव्हा घरच्यांनी स्वयंपाक, शिवण, शाळा सगळं विचारून घेतलं आणि मुलाला म्हणाले, तूही विचार ना काही. मुलगा म्हणाला, "काही नाही." तेव्हा मुलीनंच विचारलं होतं, "तुमी बोलता ना पन?" त्यावर ते हसले. त्या हसण्यावर लग्न ठरलं, असं कुंदाबाई आजही सांगतात.

आता असा माणूस बॅडमिंटनच्या नादी कसा लागला, तर तरुणपणी गोंदियाच्या हॉलमध्ये खेळायचा म्हणून. पुढं गुडघा गेला. खेळ सुटला, पण हॉल सुटेना. मग लाइन जजची परीक्षा दिली आणि वर्षातून दोन-चारदा नागपूरला नाहीतर रायपूरला जाऊ लागले. येण्याजाण्याचं भाडं, जेवण आणि छातीवर बिल्ला असलेला एक टी-शर्ट, एवढ्यावर माणूस खूश.

पहिल्यांदा रायपूरहून आले तेव्हा कुंदाबाईंनी विचारलं, "तिथं करता काय?"

"बसतो."

"बसाले रायपूर कायले पाह्यजे? इथं खुर्ची नाही काय?"

मग हळूहळू, पंपाचा एकेक नट काढावा तसं त्यांनी नवऱ्याच्या तोंडून काढून घेतलं. कोर्टाला रेषा असतात. प्रत्येक रेषेच्या टोकाशी एक खुर्ची असते. त्या खुर्चीवर बसून फक्त आपली रेषा पाहायची. फूल, म्हणजे ते पिसांचं शटल, रेषेबाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरायचे आणि मोठ्यानं "आउट" म्हणायचं. आत पडलं तर नुसता हात रेषेकडे करायचा, तोंड बंद. कुंदाबाईंनी यावर थोडा विचार केला.

"म्हंजे खेळ पाहाचा नाही?"

"नाही."

"कोन जिंकून राहिला तेबी नाही?"

"रेषा पाहाची."

"हे काम तुमच्यासाठीच काढलं असन कोनीतरी," कुंदाबाई म्हणाल्या आणि चक्कीचा पट्टा चढवायला गेल्या.

फुलचूरच्या मुन्नालाल पटलेंचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषधं आणि पंप. त्यांच्याकडून नेलेला पंप बिघडला, की ते गिऱ्हाइकाला कुडव्याला उमरावभाऊंकडं धाडतात, त्यामुळं दुकानातलं निम्मं काम त्यांच्याच नावानं येतं. मुन्नालाल मोठ्या मनाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. त्यांची मुलगी रुचिका बॅडमिंटन खेळते. तिला पहिल्यांदा हॉलमध्ये घेऊन गेले ते उमरावभाऊच, कारण मुन्नालालना पेरणीतून सवड नव्हती. पोरीनं नंतर सगळ्यांना मागं टाकलं, नागपूरला शिकली, हैदराबादला राहून आली, आणि यंदा रायपूरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पात्रता फेरी जिंकून मुख्य स्पर्धेत शिरली. थायलंड, मलेशिया, जपान अशा ठिकाणच्या पोरी आल्या होत्या, आणि त्यांच्यात एक पाटी फुलचूरच्या पटलेंची.

गोंदियाची मजा अशी, की ज्यांनी जन्मात रॅकेट धरली नाही ते एका आठवड्यात तज्ज्ञ झाले. पानठेल्यावर "ड्रॉप मारना चाहिए था" असं ऐकू येऊ लागलं. त्यात ही बातमी पसरली, की कुडव्याचे कापगते तिथं लाइन जज आहेत. कोणाला कोणत्या कोर्टावर बसवायचं ते तिथले अधिकारी ठरवतात, त्यात लाइन जजचं काही चालत नाही. रुचिकाच्या सामन्याच्या सकाळी उमरावभाऊंना मिळालं ते तिचंच कोर्ट, आणि खुर्चीही मागच्या रेषेची.

कुंदाबाईंनी चक्की बंद ठेवली. मुलगी चेतना कॉलेजला गेली नाही. तिनं पिठाच्या डब्याला टेकवून मोबाइल उभा केला आणि दळणाला आलेली, न आलेली अशी बरीच माणसं त्याभोवती जमली. शेजारचे भोजराज, ज्यांचं सायकलचं दुकान आहे, ते तर स्वतःचं स्टूल घेऊन आले.

कुंदाबाईंचे प्रश्न सुरूच होते. एवढी फुलं बदलतात तर जुनी कोण नेतं? ही पोरगी सारखी घाम पुसायला जाते ते दमली म्हणून, का मुद्दाम वेळ काढते? चेतना त्यांना गप्प बसवत होती. बाकी सगळे रुचिकाकडं पाहत होते आणि कुंदाबाई पडद्याच्या कडेला दिसणाऱ्या खुर्चीकडं. तिथं उमरावभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखे ताठ बसले होते. घरी दोन मिनिटं सरळ बसत नाहीत, भिंत दिसली की टेकतात. कुंदाबाईंना मनातून फार बरं वाटलं.

पहिला डाव थायलंडच्या पोरीनं घेतला, दुसरा रुचिकानं. तिसऱ्यात एकोणीस-वीस झालं. म्हणजे पुढचा गुण गेला की रुचिका हरणार, मिळाला की वीस-वीस आणि अजून जीव बाकी. थायलंडच्या पोरीनं फूल उंच मागं टाकलं. रुचिका मागं मागं गेली, रॅकेट उचलली, आणि ऐन वेळी हात आवरला. फूल बाहेर जातंय, असं तिला वाटलं. फूल खाली आलं. कॅमेरा समोरच्या टोकाला होता, त्यामुळं चक्कीवर दिसली ती फक्त रुचिकाची आकृती, फूल तिच्या आड पडलं. बाहेर पडलं असेल तर गुण तिचा, आत असेल तर खेळ खलास. रायपूरचा सगळा हॉल ओरडत होता. सगळ्यांच्या माना खुर्चीकडं वळल्या.

उमरावभाऊंनी दोन्ही हात उचलले आणि दोन्ही डोळे झाकून घेतले.

चक्कीवर भोजराज म्हणाले, "रडून राहिला भाऊ."

"चक्कर आली असन," कोणीतरी म्हणालं. "सकाऊन काही खाल्लं होतं का नाही?"

कुंदाबाईंनी चेतनाचा मोबाइल हिसकावून त्यावरूनच नवऱ्याला फोन लावायला घेतला, तेव्हा चित्र गेलं आणि सगळे ओरडले. पुन्हा चित्र आलं तेव्हा उमरावभाऊ आधीसारखेच ताठ बसलेले होते. मधल्या उंच खुर्चीवरच्या पंचानं काहीतरी सांगितलं आणि तोच गुण पुन्हा खेळायचा ठरला. खूप वेळ फूल इकडून तिकडं गेलं. शेवटी रुचिकाचा फटका जाळीत अडकला. रुचिका हरली.

डोळे झाकण्याचा अर्थ चेतनानं शोधून काढला. लाइन जजला फूल पडताना दिसलं नाही, तर त्यानं तसं डोळे झाकून सांगायचं असतं. मग पंच ठरवतो, आणि पंचालाही खात्री नसेल तर गुण पुन्हा खेळतात. कुंदाबाईंना सुटल्यासारखं झालं. पण त्यांचा जीव भांड्यात पडला तिथंच लोकांचं डोकं तापलं.

"दिसलं नाही?" भोजराज स्टुलावरून उठले. "अरे, पाहासाठीच बसवला होता ना त्याले!"

आणि मग सगळीकडं हेच. ज्याचं काम पाहायचं तोच म्हणतो दिसलं नाही. बरं, पोरगी परकी असती तर गोष्ट वेगळी. आपली पोरगी, आपल्या जिल्ह्याची, बोट धरून हॉलमध्ये नेलेली. दोन हात आडवे पसरायचे होते फक्त. तो तुकडा सगळ्या मोबाइलांवर फिरला. लोकांनी तो मोठा करून पाहिला, हळू करून पाहिला, थांबवून पाहिला. दिसायची ती रुचिकाची आकृतीच. तरी पाहणारा प्रत्येक जण शपथेवर सांगू लागला, की फूल चांगलं वीतभर बाहेर होतं. काही जण तर त्याही पुढं गेले. म्हणाले, कापगतेला दिसलं होतं सगळं, पण भ्याला. आपल्या माणसाची बाजू घेतली म्हणून नाव खराब होईल, खुर्ची जाईल, म्हणून डोळे झाकून मोकळा झाला.

उमरावभाऊ परत आले, आंघोळ केली, जेवले आणि दुकान उघडून बसले. कुंदाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"दिसलं होतं का नाही?"

"नाही. तिचा पाय मधी आला."

"मंग वाटलं काय तुमाले? आत का बाहेर?"

"वाटलेलं सांगाची खुर्ची नाही ते."

"खुर्ची रायपूरले राहिली. इथं मी विचारून राहिली."

उमरावभाऊंनी पान्हा उचलला आणि एका पंपात डोकं घातलं. कुंदाबाईंनी तोच प्रश्न जेवताना विचारला, भांडी घासताना विचारला, दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून ट्रॅक्टर जात असताना मोठ्यानं ओरडून विचारला.

फुलचूरकडून येणारे पंप बंद झाले. मुन्नालालनी फोन करून भांडण केलं असतं तर बरं होतं, पण एवढा गडगडणारा माणूस नुसता गप्प झाला. दुकानात दुरुस्त केलेले त्यांचे काही पंप पडून होते, ते न्यायलाही कोणी आलं नाही. चक्कीवर येणारी माणसं कुंदाबाईंनी काही विचारलं तर तेवढ्यापुरतं उत्तर देऊ लागली.

कुंदाबाईंना याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्यांना पोखरत होतं ते वेगळंच. एवढी वर्षं ज्या माणसाच्या ताटात वाढलं, तो खरेपणानं गप्प होता का भीतीनं, हे त्यांना सांगता येत नव्हतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आणि हा माणूस तर जन्माचाच गप्प. लोक म्हणतात ते खरं असलं तर? नुसता विचार आला तरी त्यांच्या हातून चक्कीचे दगड जास्त घट्ट बसायचे आणि पीठ जळायचं.

त्यांना सासऱ्यांची आठवण यायची. कापगते कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या कुळातले. अर्जुनीकडल्या त्यांच्या गावात तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं ते सासरे, बिसरामबुवा, पाहायचे. शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे टोकाच्या खाचरापर्यंत, पाणी पोचलं का नाही यावर दरसाल तंटे व्हायचे. एक म्हणायचा पोचलं, दुसरा म्हणायचा टिपूस नाही. बुवांनी डोळ्यांनी पाहिलं असेल तर ते सांगायचे. नसेल पाहिलं तर म्हणायचे, "मी नाही पाह्यलं. पानी पुन्हा सोडा." ज्याची पाळी लांबायची तो शिव्या द्यायचा, पण बुवा भ्याले असं गावात कोणी म्हटलेलं कुंदाबाईंना आठवत नव्हतं. मग गोंदियातली माणसं शहाणी झाली का येडी, हा आणखी एक प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरला.

शेवटी रविवारी त्या म्हणाल्या, "मले त्या खुर्चीवर बसाचं आहे."

उमरावभाऊंनी त्यांच्याकडं पाहिलं. काऊन म्हणून विचारलं नाही. स्कूटर काढली. चेतना मैत्रिणीच्या गाडीवर मागून आली. गोंदियाच्या हॉलमध्ये सकाळची मंडळी खेळून गेली होती. मागच्या रेषेच्या टोकाशी उमरावभाऊंनी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, कुंदाबाई पदर खोचून तीवर बसल्या आणि गुडघ्यांवर हात ठेवले. उमरावभाऊ पलीकडच्या बाजूनं फुलं मारू लागले, उंच, मागं.

सुरुवातीला कुंदाबाईंना वाटलं, यात काय आहे? फूल पडलं की दिसतंच. बाहेर पडलं की त्या दोन्ही हात पसरून असं "आउट" ओरडायच्या, की बाहेरचा चौकीदार डोकावून गेला. पण थोड्या वेळात डोळ्यांत पाणी यायला लागलं. रेषेकडं पाहायचं तर मान फुलाकडं वळायची, फुलाकडं पाहिलं तर रेषा हरवायची. नाकाला खाज सुटली.

"चेतना," उमरावभाऊ म्हणाले, "आता तू मधी उभी राह्य. फूल आलं की मारू नको, सोडून दे."

चेतना मागं मागं आली आणि तिनं फूल सोडलं. कुंदाबाईंना दिसला तो लेकीचा बूट आणि सलवारीची कड. टप असा आवाज आला. आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "आउट!"

दिसलं का, असं उमरावभाऊंनी जाळीपलीकडून विचारलं नाही, नुसत्या भुवया उचलल्या. कुंदाबाईंना कळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तोंडातून निघून गेलं." त्या स्वतःशीच खूप वेळ नवल करत राहिल्या. दिसलं नव्हतं, तरी जीभ तयार होती. डोळ्यांवर हात न्यायचा तर आधी त्या जिभेला आवरावं लागतं, आणि तेही सगळा हॉल तुमच्याकडं पाहत असताना. भित्र्या माणसानं काय केलं असतं? भित्र्यानं सगळ्यांना हवं तेच ओरडून टाकलं असतं. त्यांना छातीवरचं ओझं हललेलं जाणवलं, पण पुरतं उतरलं नाही. कारण मूळ प्रश्न तसाच होता.

"आता हे फूल पडलं कुठं ते तर सांगा," त्या म्हणाल्या.

"मी तुह्याकडं पाहून राहिलो होतो," उमरावभाऊ म्हणाले.

"मले विचार ना, आई," चेतना म्हणाली. "माझ्या बुटापाशीच तर पडलं. मी पाहिलं."

कुंदाबाई खुर्चीवरून उठल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं, चेतनाला विचारलं होतं, भोजराजला विचारलं होतं, दळणाला आलेल्या प्रत्येक माणसाला विचारलं होतं. रायपूरला जिच्या पायाशी फूल पडलं तिला विचारायचं कसं सुचलं नाही? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. विचारण्यात आपला हात कोणी धरणार नाही असं त्या समजत होत्या.

दुरुस्त झालेला एक पंप रिक्षात घालून त्या दुपारी फुलचूरला गेल्या. मुन्नालाल घरीच होते. त्यांच्या बायकोनं, सुशिलाबाईंनी, पाणी आणून दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत. कुंदाबाई आपणहून बसल्या.

"पंप आनला तुमचा."

"कायले त्रास घेतला, भाभी," मुन्नालाल म्हणाले आणि मग त्यांना राहवेना. इतके दिवस दाबलेला आवाज एकदम सुटला. "एक बात सांगा. उमरावभाऊ माझ्या घरचा मानूस. हात पसरले असते तर काय बिघडत होतं? पोरगी तेव्हापासून हॉलकडे फिरकली नाही. खात नाही, बोलत नाही. सगळे येऊन तिले समजावून गेले, की बेटा, तुझ्यासोबत अन्याय झाला. सत्कार ठेवला होता लोकांनी, त्याले गेली नाही. एका मानसाच्या डोरे झाकन्यानं माझी पोरगी बसली."

"कुठं आहे ती?"

रुचिका आतल्या दारात उभीच होती. घरातल्या ढगळ कपड्यांत ती मोबाइलवर दिसली त्यापेक्षा लहान वाटत होती. कुंदाबाईंनी तिला जवळ बोलावलं, बाजूला बसवलं. समजावलं नाही, अन्याय झाला म्हणाल्या नाहीत, नवऱ्याच्या वतीनं बोलल्या नाहीत. जे विचारायला आल्या होत्या ते विचारलं.

"बेटा, फूल कुठं पडलं होतं?"

रुचिकानं बापाकडं पाहिलं. मग जमिनीकडं.

"आत," ती म्हणाली. "रेषेवर पडलं, काकू. माझ्या बुटाच्या बाजूले. मी चुकली सोडाले."

स्वयंपाकघरात सुशिलाबाईंच्या हातातलं भांडं वाजलं.

"मले वाटलं खलास झालं," रुचिका म्हणाली. आता ती थांबेना. "मंग काकानं डोरे झाकले अन पंच म्हनला पुन्हा खेळा. मले तो गुन फुकटात पुन्हा खेळाले भेटला होता. अन मी फूल जाळीत मारलं. घरी आली तर सारे म्हनतात, तुले हरवलं. मी काय सांगू?"

"पन मले तर सांगतीस," मुन्नालाल म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे कुंदाबाईंना नवीनच होतं. "इतके दिवस मी त्या मानसाले..."

"मले कोनी विचारलंच नाही, बाबा. सगळे सांगूनच राहिले होते."

मुन्नालाल बराच वेळ पंपाच्या पट्ट्याशी चाळा करत बसले. मग म्हणाले, "उमरावभाऊ दुकानात असतीन ना? मी येतो. पाय धरतो त्याचे."

"असतीन," कुंदाबाई उठत म्हणाल्या. "पन तुमी आत्ता नोका येऊ, भाऊ. उद्या या. आधी मले सांगू द्या."

सुशिलाबाईंनी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. रुचिका दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, उद्या सकाळी हॉलवर जाईन, काकांना सांगा. कुंदाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना त्या पोरीची फार माया आली.

रिक्षा कुडव्याला येईपर्यंत त्यांनी ठरवून टाकलं होतं, की लगेच सांगायचं नाही. या माणसानं आपल्याला इतके दिवस तिष्ठत ठेवलं, आता याचीही जरा गंमत करायची. पाणी पिऊ, पदर झटकू, चक्कीवर कोण आलं होतं ते विचारू. दुकानात उमरावभाऊ एका पंपाची नळी हातात धरून बसले होते. समोर काम नव्हतंच फारसं. कुंदाबाई त्यांच्याकडं न पाहता पुढं जाऊ लागल्या.

"भेटली पोरगी?" उमरावभाऊंनी विचारलं.

कुंदाबाई थांबल्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या माणसानं आपणहून काही विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"भेटली."

उमरावभाऊंनी नळी खाली ठेवली. हात पुसले, तेच तेच पुन्हा पुसले. त्यांचे डोळे लाल दिसत होते. किती रात्री हा माणूस भिंतीकडं तोंड करून जागाच पडला होता, हे कुंदाबाईंना त्या क्षणी समजलं.

"काय म्हनली ते? आत होतं का बाहेर?"

गंमत करायचं कुंदाबाई विसरून गेल्या. "आत," त्या म्हणाल्या. "रेषेवर पडलं. तिनं सोताच्या डोऱ्यानं पाह्यलं."

उमरावभाऊ खुर्चीत मागं टेकले.

"मले बाहेर वाटलं होतं," ते म्हणाले.

म्हणजे यांच्याही जिभेवर 'आउट' तयार होतं, आणि ते चुकीचं ठरलं असतं, हे कुंदाबाईंना कळलं. त्या तिथंच, पंपांच्या मधल्या मोकळ्या जागेत, त्यांच्या शेजारी खाली बसल्या.